कंपनीच्या 'वेलनेस'मुळे कुणाची शुगर खरंच खाली आली आहे का?

चाकणकरीण | सोमवार, रात्री ९:५०

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर-अ‍ॅडमिन बघते. कायम आणि कंत्राटी मिळून साधारण सहाशे माणसं, तीन पाळ्या. दरवर्षी आरोग्य तपासणी होते, रिपोर्टांचे लिफाफे वाटले जातात आणि विषय संपतो. या वर्षी लॅबने नावं न घालता सगळ्यांचा मिळून एक गोषवारा दिला आणि तो बघून साहेब लोक हादरले. तिशी-पस्तिशीतल्या पोरांचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वर, उपाशीपोटीची साखर शंभरच्या पुढे, बीपी काठावर. मधुमेह झालेले त्या मानाने कमी, पण त्या वाटेला लागलेले भरपूर. आणि हे फक्त खुर्चीवर बसणाऱ्यांचं नाही, दिवसभर मशीनसमोर उभं राहणाऱ्यांचंही तेच.

आता बजेट मंजूर झालंय आणि 'काहीतरी करा' असा आदेश आलाय. भेटायला आलेल्या सगळ्या एजन्सींनी एकच माल दाखवला: मोबाइल अ‍ॅप, पावलं मोजायची स्पर्धा, आहारतज्ज्ञांचं ऑनलाइन भाषण, योगदिनाला टी-शर्ट. प्रेझेंटेशनमध्ये गोरी माणसं हसत हसत सॅलड खातायत.

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या नोकरीच्या ठिकाणी असं काही झालं का, आणि त्यातून कुणाची शुगर, कंबर, बीपी खरोखर खाली येऊन तिथे टिकलं का? 'इच्छाशक्ती पाहिजे' हे उत्तर कृपया नको, ते साहेबांकडून रोज मिळतं.

खडूसबुवा | सोमवार, रात्री १०:०५

आमच्याकडे १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन साजरा झाला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं व्याख्यान, आणि मग अल्पोपाहार. अल्पोपाहारात गुलाबजाम होते. दोन.

सायलीची_वही | सोमवार, रात्री १०:११

वाचतेय. आमच्याही ऑफिसात हेच सुरू होणार आहे.

हिंजवडी_फेज_तीन | सोमवार, रात्री ११:२०

पावलांच्या स्पर्धेबद्दल विचारा मला. आमच्या टीमने जिंकली होती. आमच्यात चौघे दर रविवारी सिंहगड चढणारे आणि एक मॅरेथॉनवाला, त्यामुळे आम्ही जिंकणारच होतो. दुसऱ्या नंबरच्या टीममधल्या एका महाशयांची पावलं रात्री साडेअकरा ते एकमध्ये धडाधड वाढायची. नंतर कळलं, बाळाच्या पाळण्याला फोन बांधायचे. बाळ झोपलं की नाही माहीत नाही, पण बाबांना स्मार्टवॉच मिळालं.

गंमत सोडा. ज्यांनी खरंच चालायला हवं होतं, म्हणजे माझा मॅनेजर धरून निम्मा मजला, त्यांनी नावच नोंदवलं नाही. लीडरबोर्डवर आपण सगळ्यात खाली दिसणार हे आधीच माहीत असेल तर कोण जाईल?

अवांतर: दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर' असं होतं. जाहिरातीचा आकडा आपण साठ वर्षं पाळतोय.

खडूसबुवा | सोमवार, रात्री ११:३१

बाळाला स्मार्टवॉच द्यायला हवं होतं.

डेटाबाई | मंगळवार, सकाळी ७:४०

हिंजवडी, तुम्ही जे सांगितलंत त्यावर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झालेत. चाकणकरीण, साहेबांना दाखवायला उपयोगी पडतील.

पहिला इलिनॉय विद्यापीठातला. जवळजवळ पाच हजार कर्मचारी घेतले आणि कुणाला कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं, कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तपासणी, आरोग्यविषयक प्रश्नावली, वर्ग, भाग घेणाऱ्याला पैसे, सगळं दिलं. निष्कर्ष: औषधपाण्याचा खर्च कमी झाला नाही, रजा कमी झाल्या नाहीत, व्यायाम वाढला नाही. तपासणी करून घेणारे वाढले, आणि 'आमच्या मालकाला आमच्या तब्येतीची काळजी आहे' असं म्हणणारे वाढले, एवढंच. यातली खरी मेख पुढे आहे. त्याच लोकांमध्ये भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी तुलना केली तर कार्यक्रम एकदम यशस्वी दिसतो! कारण भाग घेणारे मुळातच ठणठणीत होते. एजन्सीवाले जे आलेख दाखवतात ते बहुतेक असेच काढलेले असतात.

दुसरा प्रयोग बीजेज नावाच्या घाऊक दुकानांच्या साखळीत झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६० दुकानं, सुमारे ३३ हजार कर्मचारी, त्यातल्या चिठ्ठीने निवडलेल्या २० दुकानांत कार्यक्रम. दीड वर्षानंतर लोक म्हणाले की आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो. मोजायला गेलं तर बीपी, कोलेस्टेरॉल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) यांत फरक नाही.

तेव्हा एजन्सीला पहिला प्रश्न हा विचारा की ज्यांनी भाग घेतला नाही त्यांचं काय झालं. दुसरा विचारायची वेळ बहुधा येणार नाही.

हिंजवडी_फेज_तीन | मंगळवार, सकाळी ९:०२

म्हणजे बजेट परत करा आणि दिवाळीला बोनस द्या.

कारखान्याचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी १:१५

डेटाबाईंनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून 'काहीच उपयोग नाही' असा अर्थ काढू नये. मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. थोडं लांबेल, गोड मानून घ्या.

आपल्याकडचाच एक प्रयोग सांगतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने कारखान्यांत काम करणारे ३५ ते ५५ वयाचे पुरुष घेतले. आठ हजारांहून जास्त जणांना चाळलं आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ निवडले. सगळ्यांना सुरुवातीला समोर बसवून आहार-व्यायामाचा सल्ला दिला. मग निम्म्यांना दोन वर्षं मोबाइलवर छोटे संदेश पाठवत राहिले. ज्यांना फक्त सुरुवातीचा सल्ला मिळाला त्यांच्यापैकी २७ टक्क्यांना दोन वर्षांत मधुमेह झाला. संदेश मिळणाऱ्यांत हेच प्रमाण १८ टक्के. २०१३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात हे आलं.

आता अमेरिकेतल्या प्रयोगांत आणि यात फरक काय? तिथे सगळ्यांसाठी सगळं होतं. इथे धोक्यातली माणसं आधी शोधली आणि मग त्यांचा पिच्छा सोडला नाही. आपल्या कंपन्यांत उलटं चालतं. तपासणीवर लाखो रुपये जातात, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्याचं काय करायचं हे सांगायला कुणी नसतं. माझ्याकडे लोक तीन-तीन वर्षांचे न उघडलेले लिफाफे घेऊन यायचे.

तपासणीबद्दलही बोलतो, कारण तिथेच घोळ होतो. कॅम्प सकाळी अकराला, लोक नाश्ता करून आलेले, आणि रिपोर्टवर 'फास्टिंग'. रात्रपाळी संपवून, वाटेत चहा-बिस्किट खाऊन आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं आणि तेही फास्टिंग. असले आकडे कचऱ्यात टाका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो, त्यामुळे बायकांचं हिमोग्लोबिन सोबत बघाच.

आणि वजनकाट्याआधी एक मापपट्टी घ्या, शिंप्याकडे असते तसली. आपल्यासाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी 'नॉर्मल'. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! आपली माणसं हातापायांनी काटकुळी आणि पोटाने श्रीमंत. बीएमआयवर विसंबलात तर निम्मे निसटतील.

मिरचीकोळ | मंगळवार, दुपारी १:४०

म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट येणाऱ्या संदेशांनी आम्ही कधीच बरे व्हायला हवे होतो.

कारखान्याचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:१०

:) ते संदेश आठवड्यातून दोन ते चारच होते, वेळ ज्याची त्याने निवडलेली, आणि माणूस बदलाच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे बघून मजकूर वेगळा. फुलं नव्हती.

दोन_मुलांची_आई | मंगळवार, दुपारी ३:२५

डॉक्टरसाहेब, ५३७ पुरुष. बायका कुठेत?

टोमणा नाही, पण हे नेहमीचं आहे. आमच्या ऑफिसात जिम आहे, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. या दोन्ही वेळांना मी काय करत असते हे जिम बांधणाऱ्याला त्याच्या बायकोने सांगितलं असतं. शनिवारच्या 'वेलनेस वॉक'चीही तीच कथा.

मला गरोदरपणात शुगर होती. बाळ झालं, शुगर खाली आली, सगळे विसरले. अशा बाईला पुढे टाइप टू मधुमेह व्हायचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो, हे मला पुढे एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं. बाळंतपणाची रजा संपवून रुजू होताना कंपनी शंभर कागद भरून घेते, त्यात 'शुगर तपासली का' हा एक प्रश्न घालायला काय जातं? चाकणकरीण, हे नक्की करा. फुकट आहे.

आमच्याकडे चाललेली एकमेव गोष्ट कुठल्याच कार्यक्रमात नव्हती. नवीन डिलिव्हरी हेडने (म्हणजे प्रोजेक्ट बघणाऱ्या साहेबांनी) साडेबारा ते दोनमध्ये मीटिंग लावायला बंदी केली. तिला स्वतःला भूक लागायची म्हणून. पण त्यामुळे आम्ही जागेवर डबा खायचं सोडून एकत्र जेवायला लागलो, आणि जेवण झालं की पार्किंगला दोन चकरा. जेवणानंतरचं ते दहा मिनिटांचं चालणं साखरेला फार मानवतं म्हणतात. माझे आकडे सुधारलेत. बाकीच्यांचं विचारलं नाही, कुणी आपणहून सांगत नाही.

कारखान्याचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:५०

मान्य. आणि रुजू होतानाच्या तपासणीची सूचना फार मोलाची आहे. माझ्या नोकरीत मलाही कुणी सुचवली नाही.

पणजीचो_पाव | मंगळवार, दुपारी ४:३०

आमच्या गोव्याला विसरू नका! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पाहणीत मधुमेहात आम्ही पहिले, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. क्रिकेटमध्ये नाही तर नाही.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते.

मी स्टाफ नर्स. रुग्णांना डायबेटिक डाएटचे ट्रे आम्हीच पोचवतो. रात्री दोन वाजता आम्हाला काय मिळतं? मशीनमधली वेफर्स, क्रीमची बिस्किटं आणि मशीनचाच चहा, ज्यात साखर आधीच कालवलेली, कमी कर म्हणायची सोय नाही. कॅन्टीन दहाला बंद. योगाचा वर्ग सकाळी साडेसातला, म्हणजे माझी ड्युटी संपून हँडओव्हर चालू असताना. रुग्णालयात ही तऱ्हा, तर कारखान्यात काय असेल.

रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, तेच जेवण दुपारी सोसतं आणि मध्यरात्री सोसत नाही. हे आम्हाला शिकवलेलं आहे. तरी रोटा असा की या आठवड्यात रात्र, पुढच्यात सकाळ, मग पुन्हा रात्र. धागाकर्तीच्या कंपनीत तीन पाळ्या आहेत ना? मग अ‍ॅप नंतर घ्या. आधी एवढं बघा: पाळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुढेपुढे सरकतात का, रात्रपाळीला गरम जेवण बाराच्या आत मिळतं का, आणि नंतर खायला अंडं, ताक, चणे असलं काही ठेवता येतं का. बेल वाजली, जाते.

सायलीची_वही | बुधवार, सकाळी ८:१५

+१००. रात्रपाळी यांचा प्रतिसाद प्रिंट काढून लावावा असा आहे.

नागपूरचा_तर्री | बुधवार, सकाळी १०:३०

धाग्यात अजून समोसा कसा नाही आला बाप्पा! २०२५ च्या जुलैत आमच्या नागपूरच्या एम्सच्या नावाने केवढा गहजब झाला होता. समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार म्हणे. टीव्हीवाले आठवडाभर जिलबी दाखवून राहिले होते. बघून बघून आमच्या इथे जिलबीचा खप वाढला असेल.

डेटाबाई | बुधवार, सकाळी ११:००

तसं काही नव्हतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना पत्र पाठवलं होतं, कॅन्टीन-लॉबीसारख्या जागी तेल आणि साखरेचे फलक लावा म्हणून, कुठल्या पदार्थात किती दडलेलं असतं ते सांगणारे. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायचा प्रश्नच नव्हता, पीआयबीने (सरकारच्या प्रसिद्धी खात्याने) लगेच खुलासाही केला. फलक लावण्यात गैर काही नाही. फक्त फलकाखाली समोसाच मिळत असेल तर लोक फलक वाचत वाचत समोसा खातील.

नागपूरचा_तर्री | बुधवार, सकाळी ११:१२

खातीलच. रांगेत वाचायला काहीतरी पाहिजे ना.

ठाण्याचे_आजोबा | बुधवार, दुपारी १२:२०

एवढी चर्चा कशाला? दिवसातून दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका. दीक्षित डाएट. माझी औषधं कमी झाली.

मिरचीकोळ | बुधवार, दुपारी १२:३४

आजोबा, मी ते केलं होतं. दोन जेवणांच्या मध्ये मी घरच्यांना खायचे.

ठाण्याचे_आजोबा | बुधवार, दुपारी १२:५०

सुरुवातीचे पंधरा दिवस सगळ्यांचं तसं होतं. चिकाटी पाहिजे.

चाकणकरीण | बुधवार, दुपारी १:१०

आजोबा, राग मानू नका, पण आहारपद्धतींच्या वादासाठी वेगळे धागे आहेत. आणि आठ तास मशीनवर उभ्या असणाऱ्या माणसाला, त्यातून तो गोळ्या घेत असेल तर, कंपनीने परस्पर उपास सांगावा हे मला पटत नाही. बाकी सगळे प्रतिसाद वाचतेय, टिपणं काढतेय.

भोसरीचा_आचारी | बुधवार, रात्री ९:३०

नमस्कार. मी कॅन्टीन चालवतो, तीन कंपन्यांची कंत्राटं आहेत. एवढे लोक कॅन्टीनवर बोलले म्हणून आमची बाजू सांगतो.

कंत्राट मिळतं सगळ्यात कमी रेट टाकणाऱ्याला. त्या रेटमध्ये पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार. मग पोट कशाने भरतं? भाताने आणि बटाट्याने. पोळी लाटायला, भाजायला माणसं लागतात, भात एकटा शिजतो. मोड आणायला आदल्या दिवशीपासून जागा अडते, भाजी निवडायला हात लागतात. वरण पातळ केलं तर चालतं, तर्री कमी केली तर 'आजारी माणसाचं जेवण' म्हणतात. तेल वर दिसलं की मालक खुश, कामगार खुश. नाश्त्याला उपमा-पोह्यांऐवजी अंडं द्या म्हणतात, पण अंड्याचे पैसे कुणी देत नाही.

एका कंपनीत साहेबांनी प्लेटमागे थोडा रेट वाढवून दिला आणि सांगितलं, रोज एक वाटी घट्ट उसळ किंवा पिठलं किंवा अंडाकरी, एक वाटी पालेभाजी, ताक. भात मागेल त्याला, पण आधी उसळ वाढायची. ताटात आधी जे पडतं ते माणूस खातो. तिथे भाताचं पातेलं हळूहळू लहान झालं. कुणाची शुगर किती ते मला माहीत नाही, तांदळाचं पोतं जास्त दिवस पुरतं एवढं माहीत आहे.

चहाचंही सांगतो. एका ठिकाणी एका सोमवारी एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केला. अकरा वाजता युनियनचे लोक माझ्या भटारखान्यात. दुसरीकडे हळूच केलं. साखर दर महिन्याला थोडी थोडी कमी, कुणाला न सांगता. कुणाला पत्ता लागला नाही.

खडूसबुवा | बुधवार, रात्री ९:४२

आता लागला.

कामगार_आघाडी | गुरुवार, सकाळी ६:५०

भोसरीच्या आचाऱ्यांनी खरं तेच लिहिलं. त्या सोमवारी भटारखान्यात शिरणाऱ्यांत आम्ही नव्हतो, पण असतो तर शिरलोच असतो. कॅन्टीनचा चहा-नाश्ता कुणी दान दिलेला नाही, करारात भांडून मिळवलाय. त्यात परस्पर हात घालायचा आणि वर 'तुमच्या भल्यासाठी' म्हणायचं हे चालत नाही. युनियनला बसवा, मेनू समोर ठेवा, लोक ऐकतात. आमच्याकडे ऐकलं.

आता कुणीच न विचारलेला प्रश्न. सहाशेत कंत्राटी किती? त्यांना कॅन्टीनचं सवलतीचं कूपन आहे का? आमच्या एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी नाही. कायम कामगार आत थाळी खातो, कंत्राटी पोरगा गेटबाहेर गाडीवर दोन वडापाव आणि कटिंगवर दिवस काढतो. गोषवाऱ्यात तिशीतली पोरं दिसली म्हणता, ती हीच असणार, तपासणीत धरली असतील तर! फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन लागायचं. नव्या कामगार सुरक्षा संहितेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे ती, आकडा शंभरचा आहे आणि त्यात कंत्राटी धरलेत. चाळिशीच्या वरच्या कामगाराला वर्षाची तपासणी फुकट द्यायची हेही त्यात आहे.

दुसरं, रिपोर्ट कुणाच्या टेबलावर जातो? एचआरच्या टेबलावर जात असेल तर कंत्राटी माणूस रक्त द्यायच्या दिवशी गैरहजर राहणार. ज्याची शुगर जास्त त्याचं कंत्राट पुढच्या वेळी नूतनीकरण होत नाही, असा समज आहे. समज खरा की खोटा हे तुम्ही ठरवा, तुम्ही एचआरमध्ये आहात.

तोक्योतली_टपरी | गुरुवार, सकाळी ९:४५

इथे जपानमध्ये २००८ पासून कायदाच आहे. ४० ते ७४ वयाच्या सगळ्यांची दरवर्षी कंबर मोजतात, पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. (हो, बायकांना जास्त. यावर इथेही वाद झालेत.) हद्द ओलांडली आणि सोबत बीपी-साखर वगैरे काही निघालं की समुपदेशनाचं पत्र येतं. 'मेताबो' ('मेटाबॉलिक'चं लघुरूप, म्हणजे पोट सुटलेला) हा शब्द आता शिवीसारखा वापरतात, माझा बॉस स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणतो.

पण २०२० मध्ये पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात हद्दीच्या जरा अलीकडचे आणि जरा पलीकडचे ताडून पाहिले. पत्र मिळालेल्यांचं वजन पहिल्या वर्षी किंचित कमी झालं, पुढे तेही टिकलं नाही, आणि बीपी-साखरेत फरक नाही. पत्र मिळालेल्यांतले फार थोडे प्रत्यक्ष समुपदेशनाला जातात. मीही गेलो नाही, कारण वेळ ऑफिसच्या वेळेत आणि बॉस समोर.

डेटाबाई | गुरुवार, सकाळी १०:२०

टपरी, हे छान आठवलंत. डॉक्टरसाहेब, म्हणजे 'धोक्यातली माणसं शोधा' एवढ्याने भागत नाही, हे जपानने एवढ्या मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय.

कारखान्याचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १२:००

भागत नाहीच. शोधून पत्र पाठवणं आणि शोधून पिच्छा पुरवणं यात फरक आहे, मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो. जपानबद्दल वाद घालणार नाही, तिथलं मी फक्त वाचलंय.

आघाडीवाल्यांचा रिपोर्टाचा मुद्दा मात्र कळीचा आहे. माझ्या नोकरीत एका मॅनेजरने यादी मागितली होती, कुणाची शुगर जास्त आहे ती. मी दिली नाही, पुढे आमचं फारसं जमलं नाही. वैयक्तिक रिपोर्ट डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहिला पाहिजे. व्यवस्थापनाला गोषवारा पुरतो.

हिंजवडी_फेज_तीन | गुरुवार, दुपारी १२:४०

मग बक्षीस लावायचं का? कंबर कमी केली की पाच हजार. पैशासाठी माणूस काहीही करतो, पाळणा आठवा.

कारखान्याचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १:०५

मापाच्या आदल्या दिवशी उपाशी राहतील, झालं की पार्टी. आणि बक्षिसाची दुसरी बाजू दंड असते. ज्याची शुगर गोळ्या घेऊनही हटत नाही त्याला आपण नापास म्हणायचं का? काही जणांना ती आईबापांकडून आलेली असते. त्यांनी लपवायला सुरुवात केली की तुमची तपासणी वाया गेली. मी तरी या वाटेला गेलो नसतो.

खडूसबुवा | गुरुवार, दुपारी १:२०

एकदा तरी डॉक्टरांशी सहमत होण्याचा प्रसंग आला. तारीख लिहून ठेवतो.

चाकणकरीण | रविवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे आभार, विशेषतः ज्यांनी माझी झोप उडवली त्यांचे. शुक्रवारी साहेबांसमोर मांडलं. काय झालं ते सांगते.

अ‍ॅप आणि पावलांची स्पर्धा रद्द. डेटाबाईंचा प्रश्न एजन्सीला फोनवर विचारला, 'भाग न घेणाऱ्यांचं काय?' ते म्हणाले, 'मॅडम, त्यांचा डेटा आमच्याकडे नसतो.' हे वाक्य जसंच्या तसं मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, काम झालं.

ते पैसे आता आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या एका बाहेरच्या डॉक्टरला आणि समुपदेशक बाईंना. उंबरठ्यावरच्या लोकांना ड्युटीच्या वेळेत भेटायचं, सुट्टी न कापता. रिपोर्ट माझ्याकडे येणार नाहीत, हे लेखी घेतलंय. कंबरेचं माप डॉक्टरांच्या खोलीत, बायकांचं बाईच घेणार. बाळंतपणानंतर रुजू होणाऱ्यांसाठी साखरेची तपासणी, लगेच मंजूर. मीटिंगची बंदीही मंजूर, पण शॉप फ्लोअरला ती लागूच होत नाही, तिथे लाइन थांबत नाही.

पाळ्यांचा रोटा: प्रॉडक्शनवाले म्हणतात आताचाच बरा, बदलणार नाहीत. रात्रपाळी, सॉरी. रात्रीचं जेवण साडेअकराला द्यायला मात्र तयार झालेत.

कामगार_आघाडी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कंत्राटी निम्म्याहून जास्त आहेत, तपासणीत धरलेले आहेत, कूपन नाही. कूपन मागितलं तर फायनान्सने असा चेहरा केला की मी त्यांची किडनी मागितली. आचारीदादांच्या पद्धतीने रेट काढून पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. युनियनलाही बोलावलंय.

दादा, टेंडरच्या मेनूत नेमकं काय लिहू? आत्ताच्या कागदावर नुसतं 'उसळ/भाजी, वरण, भात, पोळी' एवढंच आहे.

भोसरीचा_आचारी | रविवार, दुपारी १:४५

तिथेच सगळं जातं बघा. 'उसळ' लिहिलं की रस्सा वाढला तरी उसळच.

वजनात लिहा. शिजलेली, निथळलेली कडधान्याची उसळ माणशी किती ग्रॅम, पालेभाजी किती, ताक किती मिली. तेलाचा महिन्याचा हिशेब माणशी मागा आणि खरेदीची बिलं दाखवायची अट घाला. तळणीचं तेल पुन्हा वापरायचं नाही, उरलेलं कुठे दिलं त्याची नोंद. तळलेला नाश्ता आठवड्यातून किती वेळा तेही लिहा, नाहीतर आम्ही रोज भजीच देणार, सगळ्यात सोपी तीच. चहा बिनसाखरेचा, साखर बाजूला, हे कामगारांना विचारून. आणि रात्रपाळीचा रेट वेगळा काढा. रात्रीचा आचारी दिवसाच्या पैशात मिळत नाही, म्हणून तर सगळे रात्री बिस्किटं ठेवतात.

कामगार_आघाडी | रविवार, दुपारी २:२०

आणि 'सर्व कामगार, कंत्राटीसह' हे चार शब्द पहिल्या पानावर.

दोन_मुलांची_आई | रविवार, दुपारी २:२८

तीनच आहेत.

कामगार_आघाडी | रविवार, दुपारी २:३५

चौथा फायनान्सने खाल्ला.

भोसरीचा_आचारी | रविवार, दुपारी ३:१०

ताई, टेंडर निघालं की तारीख कळवा. सगळ्यात कमी रेटवाल्यालाच द्यायचं ठरलं असेल तर मात्र कळवू नका.